बलुत्याचे पोते आणि बोर्डिंगचे पोते

(माण तालुक्यातील एका विद्यार्थी बोर्डिंगच्या वार्षिक मेळाव्यात आम्ही केलेले भाषण. ज्यांस त्या दिवशी येता आले नाही त्यांच्यासाठी, जसे बोललो तसेच, येथे देत आहोत.)



आम्हांस बोलण्याचा सराव नाही. आमचा जन्म लाकूड तासण्यात गेला, आणि लाकडाशी फारसे बोलावे लागत नाही. परंतु 1998 सालापासून या बोर्डिंगासाठी गावोगाव पोते घेऊन हिंडण्याचे काम आमच्याकडे आहे, आणि ते यंदापासून बंद करावे असा विचार कमिटीपुढे आला आहे. बंद करण्यापूर्वी हिंडणाऱ्याचे दोन शब्द ऐकून घ्यावेत असे अध्यक्षांनी म्हटले, म्हणून उभे राहिलो आहोत. पायाने अधू असल्यामुळे आम्हांस फार वेळ उभे राहवत नाही, हा तुमचा फायदाच समजा.

प्रथम विचार काय आहे तो उघड सांगतो, कारण निम्म्या गावास तो अर्धवट ठाऊक आहे आणि अर्धवट ठाऊक असलेल्या गोष्टीस पाय फार फुटतात. आपल्याच भागातील एक गृहस्थ शहरात व्यापार करून चांगले सुस्थितीस आले आहेत. ते या बोर्डिंगास पाच लाख रुपये देऊ म्हणतात. अटी दोन. दारावर त्यांच्या वडिलांचे नाव लागावे, आणि धान्याची फेरी बंद व्हावी. ज्या घरावर आपल्या वडिलांचे नाव आहे त्या घरासाठी कोणी पोते घेऊन दारोदार फिरावे हे त्यांस भिकेसारखे वाटते. गृहस्थ वाईट नाहीत. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि भिकेची लाज वाटणे हा काही दुर्गुण नव्हे. आम्हांसही ती लाज होती. किती होती ते सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे तुम्हांस समजणार नाही.

आमच्या वडिलांकडे गावची सुतारकी होती. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाके, सारे बारा महिने करावयाचे आणि मोबदला सुगीत खळ्यावर घ्यावयाचा, ही रीत. सुगी आली की वडील पोते खांद्यावर टाकून निघत, आणि आम्ही सात-आठ वर्षांचे पोर त्यांच्या मागे. काम घेऊन येताना कुणबी आमच्या ओट्यावर बसे, पान खाई, ‘तात्या, पाभर तेवढी आजच्या आज बघा’ म्हणून गोड बोले. खळ्यावर तोच कुणबी पाठ फिरवून उभा राही. आधी बियाणे बाजूला निघे, मग देवाचे, मग सावकाराचे, मग घरचे. दिवस कलल्यावर आमच्या पोत्यात जे पडे त्यात निम्मे मातेरे असे. आई ते दोन-दोन दिवस पाखडी आणि खडे वेचता वेचता काही न बोलता वडिलांकडे बघे. कुणब्याचा तरी काय दोष म्हणावा! त्याची रास सावकाराच्या डोळ्यांसमोर मोजली जात होती. पण पोराला हे कसे कळावे? आम्हांस एवढेच दिसे, की वर्षभर राबलेला माणूस स्वतःच्या घामाचे दाणे मागताना खाली बघतो. एके वर्षी असेच बराच वेळ ताटकळल्यावर वडील हळूच म्हणाले, ‘पोत्याचं तोंड नीट उघडं धर, आन् आपलं तोंड बंद ठेव.’

त्या दिवशी मनाशी ठरवले, की जन्मात पुन्हा कोणाच्या दारी पोत्याचे तोंड उघडायचे नाही.

पुढे अशाच एका बोर्डिंगात आम्ही दोन वर्षे शिकलो. साल 1963 ते 1965. वडील आजारी पडल्यामुळे शिक्षण सुटले आणि वाकस हातात आली. परंतु त्या दोन वर्षांत जे मिळाले त्यावर आजवर जमाखर्चाची वही लिहीत आहोत. तेथे आमच्या एका अंगास धनगराचा मुलगा जेवावयास बसे आणि दुसऱ्या अंगास महाराचा. भाकरी एकाच तव्यावरची. ते दाणे कोठून येतात हे आम्ही कधी विचारले नाही. मुले विचारीत नाहीत. आज येथे बसलेली मुलेही विचारीत नसतील, आणि भुकेच्या वयात तेच बरे.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव या सभेत कोणास सांगावयास नको. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग काढले, आणि 1927 साली त्या बोर्डिंगास महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. घरात दाणा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी एक एक दागिना काढून दिला आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या पोटासाठी गेले, हेही तुम्हांस ठाऊक असेल. 1930 साली ती माउली वारली. पण एक गोष्ट आम्हां सुतारांस जास्त ठाऊक आहे. भाऊराव पूर्वी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे एजंट म्हणून खेडोपाडी हिंडत असत. लोखंडी नांगर आला आणि आमच्या लाकडी नांगराचे दिवस भरले. म्हणजे ज्या हिंडणाऱ्या माणसाने आमच्या आज्याचा धंदा खाल्ला, त्याच माणसाने घालून दिलेल्या वाटेवर नातवास अक्षर आले! याबद्दल राग धरावा की पाया पडावे हे आम्हांस अजून ठरवता आलेले नाही. आम्ही आपले दोन्ही करतो.

मुष्टिफंड म्हणून जी रीत त्यांनी घातली ती साधी होती. बाईने दळणाचे धान्य काढताना एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकावयाची. मडके भरले की ते बोर्डिंगाचे. मूठ घरातल्या कोणाच्या पोटास कमी पडत नाही, आणि अशा शंभर घरच्या मुठींवर दुसऱ्याचे पोर शिकते. आमची फेरी हे त्याच रीतीचे लहान पिलू आहे. कार्तिकात बाजरीची आणि फाल्गुन-चैत्रात शाळूची, अशा वर्षात दोन फेऱ्या.

आता आम्ही या कामात कसे पडलो ते. 1991 साली वाकस निसटली आणि डाव्या पायाची तीन बोटे गेली. चूक आमचीच, बोलता बोलता तासत होतो. तेव्हापासून पाय टाकला की लंगडतो, आणि धंदा हळूहळू मुलाकडे गेला. 1998 साली येथल्या हेडमास्तरांनी आम्हांस बोलावून म्हटले, की बोर्डिंगाच्या कोठीत आठ दिवसांचे धान्य आहे, तुम्हांस गावे माहीत आहेत, फेरीस निघाल काय? आम्ही हो म्हटले. घरी येऊन पोते हातात घेतले आणि बापाचे ते वाक्य आठवले. खरे सांगतो, पहिल्या गावात आम्ही वेशीवरच्या पारावर बसलो आणि आठवीतल्या एका पोरास पुढे धाडले. पोर चार घरे फिरून रिकामे परत आले. लोक त्याला विचारीत, ‘तुला कुनी धाडलंय?’ आणि ते पाराकडे बोट दाखवी. पाचव्या घरची म्हातारी स्वतः पारावर आली नि म्हणाली, ‘तात्या, पोराला भीक मागाय लावलीस आन् तू हितं सावलीला बसलास व्हय? ऊठ.’ उठलो. दुसरे काय करणार?

त्याच म्हातारीने पुढच्या वर्षी आम्हांस दुसरा धडा दिला. तिचे दरसालचे माप ठरलेले, एक मापटे बाजरी. पायलीने देणारे पुष्कळ आहेत, पण तिच्या घरी पायली कधी भरलीच नाही. मापटे आमच्या पोत्यावर धरून ती थांबली. म्हणाली, ‘गेल्या साली दिल्याली बाजरी कुटं गेली, ते आदी सांग.’ आम्ही म्हटले, पोरांनी खाल्ली. ‘किती पोरं? किती बाजरी झाली? उरली किती?’ आम्हांस एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. मनात राग आला, की मापटेभर धान्य देते आणि सरकारी तपासनिसासारखी विचारते! परंतु परतताना गाडीत विचार केला. आमच्या वडिलांनी खळ्यावर तोंड बंद ठेवले कारण तेथे त्यांस हिशेब विचारण्याची सोय नव्हती. येथे देणाराच हिशेब विचारतो आहे आणि आम्ही त्याचे तोंड बंद करू पाहतो. मग वतनदारात आणि आमच्यात अंतर ते काय राहिले?

त्या वर्षापासून प्रत्येक गावात आधी वही वाचावयाची आणि मग पोते उघडावयाचे, असा नेम झाला. कोणाचे किती, कोणत्या गावचे किती, दळणास किती, उंदरांनी किती. उंदरांचा हिशेब ऐकताना लोक हसतात, पण तोही खरा आहे. 2001 साली वहीत दोन पायल्यांचा घोळ निघाला, तोही आम्ही सात गावांत वाचून दाखविला. त्या साली धान्य कमी होईल असे वाटले होते. उलट वाढले.

सर्वच गोड घडले असे नाही. एका मोठ्या घरी दोन पायल्या शाळू पोत्यात पडल्यावर मालकांनी विचारले, ‘हे आमच्या जातीच्याच पोरांना मिळंल न्हवं?’ आम्ही सांगितले, की तवा एकच आहे, भाकरीवर जात लिहिता येत नाही. ते म्हणाले, मग राहू द्या. आम्ही पोते त्यांच्याच अंगणात उपडे केले. त्यात आधीच्या चार घरांचे धान्यही होते, ते वेगळे कसे काढणार? सारेच तेथे ओतून रिकामे पोते घेऊन निघालो, आणि मागाहून स्वतःच्या तापट डोक्यास पुष्कळ शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर त्या घरची सून डोक्यावर पोते घेऊन हजर! सासऱ्याने धाडले की तिने आपल्या मनाने आणले हे आम्ही विचारले नाही.

आता प्रवासाबद्दल. पहिली एस.टी. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरास गेली. म्हणजे ती आमच्याहून वर्षाने थोरली. आम्ही एकमेकांस चांगले ओळखतो. दहिवडी, म्हसवड, गोंदवले, वडूज, पुसेगाव, या वाटांवरचे खड्डे आमच्या अधू पायास पाठ आहेत. कंडक्टर दोन तऱ्हेचे भेटतात. एक पोते बघताच कपाळास आठ्या घालतो. दुसरा ‘बोर्डिंगचं हाय व्हय?’ म्हणून ते स्वतः आत ओढून घेतो आणि मग नियमाप्रमाणे तिकीट फाडतो. दुसराच आम्हांस जास्त आवडतो, कारण तिकीट वहीस लावता येते. पंचाहत्तरीवरच्या माणसांस 2022 सालापासून फुकट प्रवास झाला आहे. आमची पंचाहत्तरी 2024 साली भरली, तेव्हापासून आमचे तिकीट माफ आणि पोत्याचे मात्र पडते. 2023 साली बायकांस अर्धे तिकीट झाले, आणि तेव्हापासून फेरीत बायाही येऊ लागल्या. एक बाई बरोबर असली की मडके चुलीपाशी असो की माजघरात, ते बाहेर येते. आम्ही पुरुष नुसते ओट्यावर बसून चहा पितो.

परंतु एस.टी. नसली म्हणजे काय होते तेही ऐका. 2021 सालच्या ऑक्टोबरअखेरीस कामगारांचा संप सुरू झाला तो 2022 च्या एप्रिलापर्यंत चालला. त्यांच्याही घरी चुली आहेत, आम्ही त्यांस दोष देत नाही. जवळची गावे आम्ही दुधाच्या टेम्पोतून केली. लांबची एक धनगरवाडी मात्र त्या वर्षी राहिली. म्हटले, तेथे किती मिळते? जेमतेम दोन पायल्या. लंगडत चार मैल कोण जाईल?

पुढच्या कार्तिकात गेलो तेव्हा मडक्यांत धान्य होते. दोन वर्षांचे होते. पण वाडीतल्या ज्या मुलीस आम्ही पाचवीपासून ओळखत होतो, आम्ही गेलो की पळत येऊन वहीतली नावे मोठ्याने वाचून दाखवी, ती दिसली नाही. विचारले तर कळले, की शाळेची गाडी बंद झाली, मुलगी घरी बसली, आईबाप मेंढरे घेऊन कोकणात उतरायचे, एकटी पोर मागे कोणाजवळ ठेवावी? म्हणून लग्न लावून दिले. नववीतली मुलगी. वय कायद्याचे नव्हते हे सर्वांस ठाऊक होते. तिच्या आजीने आम्हांस पाणी दिले आणि म्हणाली, ‘तात्या, गेल्या साली तुमी आला असता तर बोर्डिंगात धाडली असती. आमाला कुनाला इचारावं कळंना.’

त्या पाण्याचा घोट आम्हांस आजतागायत खाली गेलेला नाही. आम्ही दोन पायल्यांचा हिशेब केला होता.

त्यानंतर त्याच वाडीच्या आणखी दोघी शाळा सोडण्याच्या बेतात होत्या, त्या आज येथे आहेत. नावे घेत नाही, त्यांस लाज वाटेल. सकाळची गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून आम्ही डेपोत तीन अर्ज दिले. गाडी सुरू झाली ती शाळा भरल्यानंतर पोचणारी. मुलींस मोफत पास आहे, पण पासावर बसून शाळेत जाता येत नाही, त्यास गाडी लागते. चौथा अर्ज लिहून ठेवला आहे. सभा संपल्यावर सह्या कराव्या.

आता पैशांचे. आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून आमच्या विरुद्ध जाणारा हिशेबही सांगतो. गेल्या साली फेरीत बाजरी आणि शाळू मिळून चौदा क्विंटल धान्य आणि रोख तेवीस हजार रुपये आले. बेचाळीस मुलांस भाकरीचे सुमारे अर्धे वर्ष निघाले. बाजारभावाने सारे मिळून पासष्ट हजारांच्या आसपास होते. म्हणजे पाच लाख ही आमच्या पावणेआठ वर्षांच्या फेरीची रक्कम एका चेकने येते. ज्यांनी कमिटीत हा विचार मांडला त्यांनी मूर्खपणा केला असे आम्ही म्हणणार नाही. शिवाय फेरी अवघड होत चालली आहे हेही खरे. खळी गेली, मळणीयंत्रातून धान्य थेट पोत्यात पडते आणि पोत्याचे तोंड लगेच शिवले जाते. उरमोडीचे पाणी आपल्या भागात जेथे आले तेथे शाळूच्या रानात ऊस उभा राहिला. पाणी आले याचा आनंदच आहे, आम्ही 1972 चा दुष्काळ बघितलेली माणसे, खडी फोडून सुकडी खाल्लेली. पण उसाची मूठ कशी भरावयाची? पुष्कळ घरे आता स्वतःच भाकरीस शाळू विकत घेतात आणि आम्हांस वीस-पन्नास रुपये देतात. कोणी म्हणतो, रेशनवर धान्य फुकट मिळते, मग बोर्डिंगास कशाला हवे? त्यास आम्ही म्हणतो, मग त्यातलेच मूठभर घाल. बहुतेक घालतात.

परंतु या बेचाळीस मुलांपैकी सतरा मुले कोणत्या जाहिरातीने आली? ती फेरीत सापडली. कोठे बाप दारूत, कोठे आई उसाच्या तोडीवर, कोठे मेंढरांमागे. आम्ही बाजरी मागण्यास उंबऱ्यावर बसलो आणि घरात कोपऱ्यात बसलेले पोर दिसले. चेक टपालाने येतो, त्यास कोपऱ्यातले पोर दिसत नाही. आणि पाच लाख संपल्यावर आठव्या वर्षी आम्ही कोणत्या तोंडाने त्या उंबऱ्यांवर जाणार? तोपर्यंत मडकी फुटलेली असतील आणि आमच्या जागी पोते उचलणारा माणूस वाट विसरलेला असेल.

पैसे नाकारा असे आम्ही म्हणत नाही. मुलींच्या खोल्यांचे छप्पर गळते, ते पैशानेच होईल. धान्याने छप्पर होत नाही. म्हणून आम्ही एक उद्योग केला, तो कमिटीस न विचारता केला, याबद्दल क्षमा असावी. जुन्या वह्या काढून बसलो. त्या गृहस्थांचे गाव आमच्या फेरीतलेच. 1999 सालापासून पुढे ओळीने नऊ वर्षे त्या गावच्या पानावर त्यांच्या वडिलांचे नाव आहे. दर कार्तिकात एक पायली बाजरी, आणि 2003 च्या दुष्काळात अधोली. अधोलीपुढे आमच्याच हाताने लिहिले आहे, ‘घरात कमी असता दिली.’ वडील 2008 साली वारले. मुलास हे ठाऊक नसावे. म्हाताऱ्याने शहरातल्या पोरास कशाला सांगावे, की मी पोत्यात दाणे टाकतो?

त्या नऊ पानांच्या नकला आम्ही त्यांस टपालाने पाठविल्या आहेत. सोबत चार ओळी लिहिल्या, की आपल्या वडिलांचे नाव या बोर्डिंगात आधीच आहे आणि दरसाल गावात मोठ्याने वाचले जात होते. दारावर लावावयाचे तर खुशाल लावू, पण ज्या फेरीत त्यांनी दाणे टाकले ती फेरी त्यांच्या नावाखाली बंद करणे आमच्या हातून होणार नाही. उत्तर अद्याप आलेले नाही. येईल तेव्हा कमिटीने ठरवावे. कमिटीने फेरी बंद ठरविली तर वही आम्ही अध्यक्षांच्या स्वाधीन करू, भांडण करणार नाही. पण बंद झाली हे सांगावयास त्या गावोगावी आमच्याबरोबर कमिटीनेच यावे. आम्हांस एकट्याने ते जमणार नाही.

आणखी एक. पाय आता फार सुजतो. आम्ही वही वाचू, पोते उचलणारा दुसरा हवा. निर्णय होईपर्यंत फेरी चालू आहे, आणि येत्या बुधवारी धनगरवाडीची पाळी आहे. गाडी सकाळी सव्वासातला स्टँडावरून सुटते. माप आमच्याकडे आहे, पोती कोठीत धुऊन ठेवली आहेत. ज्यास यावयाचे असेल त्याने भाकरी बांधून आणावी, वाडीत दुपारी कोणी घरी नसते.